मालक गैरहजर, कारभार मंडळाचा

मुंबई : जेजुरीच्या श्री मार्तंड देवसंस्थानावर मे २०२३ मध्ये सात नव्या विश्वस्तांची नियुक्ती झाली आणि खंडोबाची जेजुरी उपोषणाला बसली. नेमलेल्यांपैकी बहुतेक जण गावाबाहेरचे होते. ज्यांचा गडाशी रोजचा संबंध नाही, त्यांनी गडाचा कारभार कसा पाहायचा, असा ग्रामस्थांचा सवाल होता. पुढच्या महिन्यात विश्वस्तांची संख्या सातवरून अकरा करून स्थानिकांना जागा देण्याचा तोडगा निघाला, तेव्हा कोठे आंदोलन मिटले.

याच्या सुमारे साडेचौदा वर्षे आधी, १६ डिसेंबर २००८ रोजी, हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक झाली होती. कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबीयांशी संबंधित मायटास नावाच्या दोन कंपन्या सत्यमने सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घ्याव्यात, असा प्रस्ताव होता. बांधकाम आणि जमिनीच्या धंद्यातल्या या कंपन्यांचा संगणक सॉफ्टवेअरशी काडीचा संबंध नव्हता. मंडळात बहुमत होते ते स्वतंत्र, म्हणजे बाहेरून आणलेल्या संचालकांचे. त्यांत एका नामवंत व्यवस्थापन संस्थेचे अधिष्ठाते होते, माजी कॅबिनेट सचिव होते, संगणकाच्या चिपच्या क्षेत्रात जगभर नाव कमावलेले तंत्रज्ञ होते. काही प्रश्न विचारले गेले, आणि प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

पहिल्या प्रकरणात बाहेरचे लोक मंडळावर आले म्हणून संताप होता. दुसऱ्या प्रकरणात बाहेरचे लोक मंडळावर असूनही त्यांनी हात आखडता घेतला नाही, म्हणून गुंतवणूकदार संतापले. कंपनी असो वा देवस्थान, मंडळाच्या कारभारावरचा प्रत्येक वाद अखेर याच जागी येऊन थांबतो. मंडळ ज्या मालमत्तेचा कारभार पाहते ती मंडळाची नसते. ज्याची असते, तो बैठकीला हजर नसतो. मग त्याच्या वतीने बोलायचे कोणी, आणि ते ठरवायचे कोणी?

न बोलणारा मालक

महाराष्ट्रात 'संचालक मंडळ' म्हटले की डोळ्यांसमोर येते ती साखर कारखान्याची किंवा सहकारी बँकेची निवडणूक. पॅनेल, चिन्हे आणि गुलाल. कंपनीच्या संचालक मंडळाची कुळकथा मात्र वेगळी आणि बरीच जुनी आहे. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार लंडनमध्ये भागधारकांनी निवडलेले २४ संचालक पाहत. मुंबई बेट इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड भाड्याने या कंपनीच्या हवाली केले. एका अर्थाने मुंबई हे संचालक मंडळाने चालवलेले शहर होते, आणि त्या मंडळातील बहुतेकांनी ते कधी पाहिलेही नव्हते.

कायद्याच्या लेखी कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन असते, ती दावे लावते, तिच्यावर दावे लागतात. भागधारक तिचे मालक म्हणवले जातात, पण तिच्या मालमत्तेवर त्यांचा थेट हक्क नसतो. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये मुंबईतून गेलेल्या बच्चा गझदर यांच्या प्राप्तिकराच्या खटल्यात निकालात काढला. चहाच्या कंपन्यांचा लाभांश हा चहाच्या मळ्यातला म्हणजे शेतीचा पैसा समजावा, अशी त्यांची मागणी होती. मळा कंपनीचा आहे, भागधारकाचा नाही, असे न्यायालयाने सांगितले.

देवही कायद्याच्या लेखी व्यक्ती आहे, आणि ही कल्पना अलीकडची नाही. कोलकात्याच्या मलिक घराण्यातील कुलदैवताची मूर्ती कोणी, कोठे न्यावी यावरचा वाद १९२५ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. मूर्ती म्हणजे घराण्याची जंगम वस्तू नव्हे, तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, असे तेथील न्यायमूर्तींनी ठरवले. एवढेच नव्हे, तर भांडणाऱ्या वारसांपैकी कोणाचाही नसलेला, निःस्वार्थी असा प्रतिनिधी देवासाठी न्यायालयाने नेमावा, असाही आदेश दिला. अयोध्येच्या २०१९ च्या निकालात रामलल्ला विराजमान हे पक्षकार होते, ते याच परंपरेतून.

म्हणजे कंपनी आणि देव यांच्यात कायद्याने एक विलक्षण साम्य निर्माण केले आहे. दोघांच्याही नावावर मालमत्ता आहे आणि दोघांनाही वाचा नाही. दोघांच्या वतीने हाडामांसाची माणसे ठराव करतात, सह्या करतात. फरक पडतो तो पुढे. कंपनीच्या मागे भागधारक उभे असतात. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत ते मत देऊ शकतात, साध्या बहुमताने संचालकाला काढू शकतात, आणि काहीच जमले नाही तर शेअर विकून मोकळे होऊ शकतात. भाविकाला यातले काहीही करता येत नाही. पेटीत टाकलेली नोट परत मिळत नाही, आणि एका देवस्थानाचा कारभार पटला नाही म्हणून कोणी कुलदैवत बदलत नाही.

बाहेरचा माणूस कशासाठी?

कंपनी कायदा, २०१३ नुसार सार्वजनिक कंपनीत किमान तीन संचालक लागतात आणि विशेष ठराव न करता पंधरापर्यंत नेमता येतात. वर्षात किमान चार बैठका व्हाव्या लागतात आणि दोन बैठकांत १२० दिवसांहून अधिक अंतर चालत नाही. एक तृतीयांश किंवा दोन, यांपैकी जी संख्या मोठी तेवढे संचालक हजर नसतील, तर बैठकच होत नाही. या नियमांमागचे तत्त्व असे, की अधिकार मंडळाला आहे, संचालकाला नाही. एकटा संचालक, मंडळाने अधिकार दिल्याशिवाय, कंपनीला एक खुर्चीसुद्धा विकत घ्यायला लावू शकत नाही.

याच कायद्याच्या १६६ व्या कलमात संचालकाची कर्तव्ये प्रथमच स्पष्टपणे लिहिली गेली. त्याने सद्हेतूने वागावे, स्वतःची बुद्धी स्वतंत्रपणे वापरावी, हितसंबंधांचा संघर्ष टाळावा, स्वतःचा किंवा नातलगांचा गैरलाभ करू नये. भागधारकांबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताचाही उल्लेख तेथे आहे. हे सारे पाळले जाते की नाही, यावर नजर ठेवण्यासाठी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मंडळात किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावेत, असे बंधन आहे. प्रवर्तकांशी नाते नाही, कंपनीशी आर्थिक व्यवहार नाही, असा हा माणूस. भारतात ही कल्पना कुमारमंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींनंतर २००० पासून बाजाराच्या नियमांत आली.

सत्यमने ही अट नुसती पाळली नव्हती, तर उत्तम कंपनी कारभाराबद्दलचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार २००८ मध्येच पटकावला होता. मायटासचा निर्णय जाहीर होताच न्यूयॉर्कच्या बाजारात तिच्या रोख्यांचा भाव निम्म्याहून खाली कोसळला आणि काही तासांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. मंडळाने जे अडवले नाही, ते बाजाराने अडवले. ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेल्या रोकड आणि बँकेतील शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत.

एवढे विद्वान लोक बसले असताना हे दिसले कसे नाही? याचे एक उत्तर कागदांत आहे. संचालकासमोर येते ती व्यवस्थापनाने तयार केलेली विषयपत्रिका, व्यवस्थापनाने जोडलेली टिपणे आणि लेखापरीक्षकाने सही केलेला ताळेबंद. तीन महिन्यांतून एकदा येणारा माणूस बँकेत जाऊन शिल्लक मोजत नाही. दुसरे उत्तर अधिक अवघड आहे. स्वतंत्र संचालकाला मंडळावर बोलावतो कोण? बहुतेक भारतीय कंपन्यांत ते निमंत्रण प्रत्यक्षात प्रवर्तकाकडूनच जाते. सत्यममध्ये प्रवर्तकांचा हिस्सा तेव्हा दहा टक्क्यांहूनही कमी उरला होता, तरी मंडळाच्या खुर्च्या त्यांच्याच मर्जीतून भरल्या गेल्या होत्या. ज्याने पाहुणा म्हणून बोलावले, त्याच्याच घराची झडती घेणे संकोचाचे ठरते. बाजार नियामक सेबीने हे ओळखले, म्हणूनच जानेवारी २०२२ पासून नोंदणीकृत कंपनीत स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला भागधारकांचा विशेष ठराव, म्हणजे तीन चतुर्थांश मते, आवश्यक केली.

सत्यमचे मंडळ सरकारने बरखास्त करवले आणि किरण कर्णिक, दीपक पारेख, सी. अच्युतन यांच्यापासून सुरुवात करून नवे मंडळ नेमले. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्रने प्रति शेअर ५८ रुपये दराने कंपनी ताब्यात घेतली. राजू यांना २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा सुनावली.

देवाचा पालक

देवस्थानाच्या मागे भागधारक नाहीत. ती रिकामी जागा महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांनी भरून काढली आहे. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. मंदिर असो, देरासर असो वा धर्मादाय दवाखाना, त्याची नोंदणी, मालमत्तेची यादी, हिशेबतपासणी या कायद्याखाली होते. विश्वस्त बदलला, मरण पावला किंवा राजीनामा देऊन गेला, तर ९० दिवसांत 'बदल अर्ज' द्यावा लागतो. वरवर हा निव्वळ कारकुनी कागद, पण राज्यातील देवस्थानांची निम्मी भांडणे या एका अर्जाभोवती फिरतात, असे म्हटले तर फारसे वावगे ठरणार नाही. दोन गट दोन वेगवेगळ्या बैठका दाखवतात, दोन इतिवृत्ते सादर होतात आणि अर्ज वर्षानुवर्षे सुनावणीत राहतो.

संचालक आणि विश्वस्त यांच्या अधिकारांतला फरक मात्र समजून घेण्यासारखा आहे. संचालकाने धाडस करावे, अशी अपेक्षा असते. तो कर्ज काढतो, नवा कारखाना उभारतो, त्यात तोटा झाला तरी निर्णय प्रामाणिक असेल तर कायदा त्याला दोषी धरत नाही. विश्वस्ताला ही मुभा नाही. देवस्थानाची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ किंवा बिगरशेती जमीन व इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची, तरी परवानगी लागते. कर्ज काढायलाही लागते. शिल्लक पैसा कोठे गुंतवावा हेही कायद्याने आखून दिले आहे. संचालकाने वाढवायचे, विश्वस्ताने जपायचे. अनेक उद्योगपती मोठ्या हौसेने देवस्थानच्या मंडळावर येतात आणि वर्षभरात कंटाळतात, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

हे दोन स्वभाव एकाच छपराखाली आले म्हणजे काय होते, हे मुंबईने जवळून पाहिले. टाटा सन्स या कंपनीचे सुमारे ६६ टक्के शेअर टाटा कुटुंबीयांनी स्थापन केलेल्या धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या ताब्यात आहेत. या संस्था धार्मिक नाहीत, पण त्यांचे विश्वस्त दुसऱ्याच्या ठेवीचे राखणदार आहेत. शिक्षण आणि आरोग्यावरचा त्यांचा खर्च कंपनीच्या लाभांशातून येतो. कंपनीच्या घटनेनुसार विश्वस्त संस्थांनी नेमलेल्या संचालकांच्या होकाराशिवाय काही महत्त्वाचे निर्णय घेता येत नाहीत. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी संचालक मंडळाने सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केले, तेव्हा वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता : विश्वस्तांचा शब्द कंपनीच्या मंडळाच्या खोलीत कोठपर्यंत चालावा? राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मिस्त्री यांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२१ रोजी तो फिरवला आणि अध्यक्षाला दूर करण्याचा मंडळाचा अधिकार मान्य केला.

श्रद्धेची सीमा

धार्मिक संस्थेच्या मंडळापुढे आणखी एक प्रश्न असतो, जो कंपनीला कधीच पडत नाही. हिशेब ठेवणे, जमीन सांभाळणे हे कारभाराचे काम. पूजा कोणी, कशी करावी हे धर्माचे काम. या दोहोंमधली रेघ कोठे ओढायची? १९५० चा कायदा आल्यावर एका जैन देरासराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये कायद्याचा बहुतांश भाग उचलून धरला, कारण मालमत्तेच्या व्यवस्थापनाचे नियमन राज्याला करता येते. पण मंदिर किंवा मठ यांचा विश्वस्त म्हणून खुद्द धर्मादाय आयुक्तांनाच सरसकट बसवण्याची तरतूद मात्र रद्द केली. देखरेख करणाऱ्याने गादीवर बसू नये, हा त्याचा अर्थ.

मंडळाच्या स्वतःच्या अधिकारालाही अशीच कड आहे. मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या विश्वस्तांनी २०१२ च्या सुमारास महिलांना मजारीच्या गाभ्यापर्यंत जाण्यास मज्जाव केला. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरवली. दर्गा ही सार्वजनिक विश्वस्त संस्था आहे, व्यवस्थापनाच्या अधिकाराआडून समानतेचा हक्क हिरावता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. पुढे विश्वस्तांनी सर्वोच्च न्यायालयात प्रवेश देण्याचे मान्य केले.

खुर्ची कोण देतो?

पंढरपूरचा विठ्ठल या सगळ्या प्रश्नांमधून गेला आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या बडवे आणि उत्पात यांच्याकडे वंशपरंपरेने पूजेचे हक्क आणि उत्पन्नही होते. मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. वारकऱ्यांच्या तक्रारी वाढत गेल्या. १९६८ मध्ये राज्य सरकारने नाडकर्णी आयोग नेमला, १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला आणि वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आणले गेले. कायदा झाला तरी खटले चालूच राहिले. समितीने १९८५ मध्ये कारभार हाती घेतला, आणि बडव्यांच्या हक्कांवरचा अखेरचा पडदा पडला तो सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निकालाने. त्याच वर्षी समितीने जातीची अट न ठेवता आणि महिलांनाही संधी देत पुजारी नेमण्याची प्रक्रिया सुरू केली.

वंशाने मिळालेली खुर्ची गेली आणि तिच्या जागी सरकारने दिलेली खुर्ची आली. वारकऱ्याला तिच्यावर कोण बसावे हे आधीही विचारले जात नव्हते, नंतरही विचारले गेले नाही. २०२३ मध्ये याच कायद्याला उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, ते सरकारने मंदिर का चालवावे, या मुद्द्यावर.

शिर्डीत हा प्रश्न पैशाच्या आकारामुळे अधिक ठळक होतो. साईबाबा संस्थानासाठी राज्य विधिमंडळाने २००४ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि व्यवस्थापन समितीची नेमणूक सरकारच्या हाती आली. परिणामी सरकार बदलले की विश्वस्त मंडळ बदलते, आणि मधल्या काळात नियुक्त्यांची चर्चा महामंडळांच्या वाटपाबरोबरच होते. २०१८ मध्ये संस्थानाने निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी राज्य सरकारला ५०० कोटी रुपये बिनव्याजी देण्याचा निर्णय घेतला. कालवे दुष्काळी भागासाठी होते, त्यांची गरज कोणीही नाकारली नसती. पण मागणारे सरकार आणि देणाऱ्या मंडळाला नेमणारेही सरकार, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. कंपनीत असा व्यवहार झाला असता, तर त्याला 'संबंधित पक्षाशी व्यवहार' म्हटले गेले असते, संबंधित संचालकांना चर्चेतून बाहेर बसावे लागले असते आणि भागधारकांची मते घ्यावी लागली असती. देवस्थानांच्या कायद्यात नेमणाऱ्या सरकारलाच संबंधित पक्ष मानणारी तरतूद नाही, आणि ही त्या कायद्यांतली मोठी उणीव आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने वर्षभरापूर्वी नेमलेले विश्वस्त मंडळ रद्द केले आणि कारभार प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील तदर्थ समितीकडे सोपवला.

मग राजकारण्यांऐवजी अधिकारी बसवले तर? तुळजापूरचा अनुभव फारसा दिलासा देत नाही. तुळजाभवानी मंदिर संस्थानाचे पदसिद्ध अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तरीही १९९१ ते २००९ या काळातील दानपेटीच्या लिलावांत गैरव्यवहार झाल्याचे आरोप झाले, चौकशी झाली आणि अखेर मे २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाला गुन्हा नोंदवण्याचे आदेश द्यावे लागले. जिल्हाधिकाऱ्याची बदली दोन-तीन वर्षांत होते, ठेकेदाराची होत नाही.

भाविकांनीच मंडळ निवडावे, हा उपाय ऐकायला सोपा वाटतो. तो अमलात आणणाऱ्या संस्था जवळच आहेत. गोव्यातील देवळांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीज देवस्थान नियमावलीने चालतो. महाजन दर तीन वर्षांनी कार्यकारी समिती निवडतात आणि मामलेदार देवस्थानांचा प्रशासक म्हणून देखरेख ठेवतो. पण महाजन होता येते ते जन्मानेच. रोज दर्शनाला येणारा गावकरी महाजन घराण्यातला नसेल, तर त्याला मत नाही. मुंबईत पारशी पंचायतीने २००८ मध्ये आपल्या सात विश्वस्तांची निवड समाजातील सर्व प्रौढांच्या मतदानाने केली. पंचायतीच्या हाती हजारो सदनिका असल्याने ही निवडणूक चुरशीची न झाली तरच नवल. मताबरोबर प्रचार आला, गट आले आणि विश्वस्तांमधले वाद न्यायालयापर्यंतही गेले. अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीला १९२५ च्या कायद्याने शीख मतदार निवडून देतात, पण तिची २०११ नंतरची सार्वत्रिक निवडणूक वर्षानुवर्षे रखडली.

कोण बसणार, हाच कळीचा प्रश्न असल्याचे अलीकडच्या दोन वादांनी पुन्हा दाखवून दिले. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारा मंडळावर सरकारनियुक्त सदस्य वाढवणारा नवा कायदा आणण्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवले. शीख समाजाच्या तीव्र विरोधानंतर तो बाजूला ठेवावा लागला. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी जो अंतरिम आदेश दिला, त्यातही मंडळांची रचना हा एक मुख्य मुद्दा होता. राज्य वक्फ मंडळाच्या ११ सदस्यांत बिगरमुस्लिम तीनपेक्षा जास्त नसावेत आणि केंद्रीय परिषदेच्या २२ सदस्यांत चारपेक्षा जास्त नसावेत, असे न्यायालयाने बजावले.

निवड, नेमणूक किंवा वारसा, यांपैकी कोणत्याही वाटेने आलेला माणूस ज्याने खुर्ची दिली त्याच्याकडे पाहतो. भागधारकाला निदान वार्षिक अहवाल पोस्टाने किंवा ई-मेलने घरी येतो. भाविकाच्या घरी काही येत नाही.

तथापि एका बाबतीत कायद्याने भाविकाला भागधारकाहून उदार वागणूक दिली आहे. कंपनीच्या कारभारात अन्याय होत असल्याची तक्रार घेऊन न्यायाधिकरणाकडे जायचे तर सर्वसाधारणपणे शंभर सभासद, किंवा एकूण सभासदांचा अथवा भांडवलाचा एक दशांश हिस्सा पाठीशी लागतो. सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या बाबतीत 'हितसंबंध असलेल्या' दोन व्यक्ती पुरतात. मंदिरापुरता या शब्दाचा अर्थही कायद्यातच दिला आहे : जो तेथे पूजेला हजर राहण्याचा हक्कदार आहे तो, किंवा ज्याला तेथे जाण्याचा परिपाठ आहे तो. देणगीची पावती असण्याची अट नाही, मानकरी असण्याचीही नाही. दर गुरुवारी किंवा दर एकादशीला न चुकता जाणारी कोणतीही दोन माणसे धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती घेऊन विश्वस्तांना काढण्याचा, हिशेब मागण्याचा किंवा नवी घटना ठरवून घेण्याचा दावा लावू शकतात. संमती द्यायची की नाही, हे मात्र आयुक्त ठरवतात.